समितीपुढे वाचलेली शिवी

“अपशब्द, दार उघड,” मी वाचत होते. “ऐकू येत नाही का तुला, अपशब्द?”

टेबलाभोवती समितीचे पाच सभासद बसले होते. मधल्या खुर्चीवर अध्यक्ष, आमचे पाळकसाहेब रेव्हरंड सोनवणे. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण ते झोपले नव्हते. मॅनेजर भालेराव पेन्सिलीनं कान कोरत होते. हस्तलिखितात जिथं जिथं शिवी होती, तिथं तिथं मी ‘अपशब्द’ असं वाचत होते. बाईमाणसानं शिव्या उच्चारू नयेत म्हणून अध्यक्षांनीच ही सोय करून दिली होती. एरवी मला ते वाचताना हसू दाबावं लागायचं. त्या दुपारी हसू कुठल्या कुठं पळालं होतं.

लोंढेसाहेबांनी हात वर केला.

“थांबा, आढावबाई. हा अपशब्द म्हणजे नेमका कोणता शब्द?”

मी कागदावर तळहात ठेवला. त्या तळहाताखाली जे लिहिलं होतं, ते लोंढेसाहेबांच्या कानावर गेलं असतं तर एका बाईचं काय झालं असतं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आणि तेही मला तासाभरापूर्वीच कळलं होतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात एका ख्रिस्ती प्रकाशन संस्थेत मी सहसंपादक होते. सात रस्त्याच्या मागच्या बाजूला आमची इमारत. खाली छापखाना, वर ऑफिस. आम्ही भक्तिपर पुस्तकं काढायचो, संडे स्कूलचे धडे, कॅलेंडरं, आणि वर्षाकाठी एखादी कादंबरी. कादंबरीसाठी संस्थेचे नियम होते. पात्रांनी शिव्या द्यायच्या नाहीत. दारुड्याला दारू आवडते असं दाखवायचं नाही. पापी माणसाला शेवटच्या पानाच्या आत पश्चात्ताप झालाच पाहिजे. आमच्या पुस्तकातला चोर घरफोडी करतानाही ‘माफ करा’ म्हणेल, असं मी एकदा भालेरावांना म्हटलं होतं. ते म्हणाले, “मग बिघडलं काय?”

नियम फक्त समितीचेच होते असंही नाही. खालचा कंपोझिटर मल्लप्पा, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा माणूस, कपाळाला विभूती लावून कामाला यायचा. ख्रिस्ती नव्हता, पण समितीपेक्षा कडक होता. एका गोष्टीत ‘हरामखोर’ शब्द आला तेव्हा तो कागद घेऊन वर आला होता. “बाई, ह्याच खिळ्यांनी आमी तुमचं शास्त्र जुळवतो की. त्येच खिळे ह्या घाणीला लावायचे व्हय? मला न्हाय जमायचं.” मी तिथं ‘दुष्ट माणसा’ केलं. गोष्ट मेली, पण मल्लप्पा खूश झाला.

पूर्वी हस्तलिखित फक्त संपादक वाचायचे आणि समितीला आपलं मत कळवायचे. त्या वर्षी पद्धत बदलली. एक पुस्तक छापून झाल्यावर त्यात काहीतरी आक्षेपार्ह सापडलं, बरीच बोंबाबोंब झाली, आणि मग ठरलं की यापुढे कादंबरी समितीपुढे मोठ्यानं वाचायची. हस्तलिखिताची एकच प्रत असायची, सभासद पाच. त्यामुळे एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. वाचायला अर्थातच मी.

ही कादंबरी पद्धत बदलण्याआधीच आली होती. लेखिकेचं नाव ‘एक भगिनी’. पत्ता एका नर्सबाईंच्या मार्फत. अक्षरही त्या नर्सबाईंचंच, कारण मूळ लेखन त्यांनी सुवाच्य उतरवून दिलं होतं. गिरणीच्या चाळीतला एक विणकर, पिणारा. बायकोला मूल नाही म्हणून तिला घालूनपाडून बोलणारा, हात उगारणारा. शेवटी ती बाई एका दुपारी चूल विझवते, दाराला कडी घालते आणि निघून जाते. एवढीच कथा. मी ती एका बैठकीत वाचून काढली. आमच्याकडे असलं काही कधी आलंच नव्हतं. त्यातला नवरा तोंड उघडायचा तेव्हा मला खुर्चीत मागं सरकावंसं वाटायचं.

एकच गोष्ट खटकली होती. नवरा बायकोला पुन्हा पुन्हा एक शिवी द्यायचा. संस्थेत असते तर लिहिली नसती, आता सत्तरी ओलांडली आहे, लिहिते. “रांडे, बिनचाकाचा डबा तू!” पहिला शब्द सोलापुरात कुठल्याही नळावर ऐकायला मिळतो. पण हे मागचं शेपूट? चाकं काढलेला रेल्वेचा डबा. वर्कशॉपच्या कडेला पडून असतो, ना कुठं जातो, ना कुणाला नेतो. वांझ बाईला द्यायला ही शिवी ज्यानं घडवली त्याचं डोकं चालत होतं, पण तो विणकर नव्हता. विणकर धोट्यावरून, तुटक्या धाग्यावरून बोलेल. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं: ‘हा शब्द रेल्वेतला वाटतो. लेखिकेस विचारावे.’

विचारायची वेळ आली नाही. सभेच्या दिवशी दुपारी सरलाबाई लोंढे ऑफिसात आल्या. लोंढेसाहेबांच्या पत्नी.

लोंढेसाहेबांना सोलापूरच्या ख्रिस्ती मंडळीत सगळे ओळखायचे. कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये सुपरवायझर होते, रिटायर होऊन इकडे आलेले. चर्चमध्ये वडील, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्यांपैकी एक. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खणखणीत आवाज. दारूच्या थेंबाला कधी शिवले नाहीत, विडीसुद्धा नाही. रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ ते वाचायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. सरलाबाई त्यांच्या शेजारी बसायच्या. त्या पूर्वी मिशनच्या शाळेत शिक्षिका होत्या एवढंच मला माहीत. त्यांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.

“संडे स्कूलचे धडे हवे होते,” त्या म्हणाल्या. मी पुस्तिका काढून दिल्या. त्या घेईनात. भालेराव जिन्यानं खाली गेले, तशा त्या टेबलाशी आल्या.

“बाई, आज समितीत काय वाचणार?”

“आहे एक कादंबरी.”

“मोठ्यानं वाचणार?”

“हो. आता तसा नियम झालाय.”

“काल जेवताना हे म्हणाले तेव्हा मला कळलं. मला वाटलं होतं, नुसत्या तुम्हीच वाचता.” त्यांनी टेबलाची कड धरली होती. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. “ती परत द्या मला.”

मला एकदम सगळं समजलं असं म्हणणं खोटं होईल. आधी मी विचारलं, “तुम्हाला का?” आणि मग त्यांच्याकडे पाहून मला त्या समासातली माझी पेन्सिलीची ओळ आठवली. रेल्वेतला शब्द.

“सरलाबाई, हे तुम्ही लिहिलंय?”

“सगळं बदललंय हो मी. विणकर केला, चाळ केली, पिणारा केला. हे कुठं पितात? कुणी ओळखणार नाही म्हणून किती जपून लिहिलं. तेवढा एक शब्द बदलता आला नाही. दुसरा घालून बघितला, पण मग तो माणूस बोलेचना.”

“बाहेर कुणाला माहीत आहे तो शब्द?”

“त्यांनी बनवलेला आहे. त्यांना माहीत, मला माहीत.”

मी म्हटलं, “समजा त्यांना कळलं, तर?”

“मारतात असं नाही,” त्या म्हणाल्या. “म्हणजे नेहमी नाही.” मग नऊवारीचा पदर डाव्या हातावर ओढून घेतला. मी तेवढ्यात मनगट पाहिलं होतं. ते कधीतरी मोडून वाकडं बसलं होतं. “घरात मारलेलं घरात राहतं. पण मी हे चार लोकांत नेलं असं त्यांना कळलं तर मला जिवंत ठेवणार नाहीत, बाई. हे मी कादंबरीतलं बोलत नाहीये.”

हस्तलिखित परत देणं माझ्या हातात नव्हतं. ते भालेरावांच्या कपाटात होतं, आणि परत घ्यायचं तर लेखिकेनं खऱ्या नावानं सही करायची, असा नियम. खरं नाव समितीपुढे जाणार. सरलाबाईंनी ते ऐकलं आणि त्या खाली बसल्या. मीच म्हटलं, “शिवी आली की मी ‘अपशब्द’ वाचते. सगळ्याच ठिकाणी तसंच वाचेन. अध्यक्षांनीच सांगितलंय. तुम्ही घरी जा.”

“विचारलं तर?”

“कोण विचारणार? शिव्या ऐकायला समिती बसते का?”

हे मी मोठ्या रुबाबात म्हटलं. त्या गेल्या. संडे स्कूलच्या पुस्तिका टेबलावरच राहिल्या. अर्ध्या तासानं सभासद जिना चढू लागले, आणि लोंढेसाहेबांचे बूट मला बाकीच्यांपेक्षा वेगळे ऐकू यायला लागले.

तर, लोंढेसाहेबांनी विचारलं होतं, हा अपशब्द म्हणजे नेमका कोणता.

“घाणेरडा शब्द आहे, साहेब,” मी म्हटलं.

“ते कळलं. पण कोणता? नियम बघा. नुसती शिवी असेल तर ती गाळून पुस्तक घेता येतं. देवाची निंदा असेल तर हस्तलिखितच परत पाठवायचं. ‘अपशब्द, अपशब्द’ असं तुम्ही वाचत राहिलात तर समितीनं ठरवायचं कसं?”

बोलणं अगदी रास्त होतं. म्हणूनच माझी पाचावर धारण बसली. भालेरावांनी कानातली पेन्सिल काढली. “बरोबर आहे लोंढेसाहेबांचं.”

“ईशनिंदा नाही,” मी म्हटलं. “मी खात्री देते.”

“तुमची खात्री कशाला? शब्दच सांगा.”

“बाईंना कशाला ते बोलायला लावता?” पाळकसाहेब डोळे उघडून म्हणाले.

“ठीक आहे. मग मी वाचतो,” लोंढेसाहेब म्हणाले, आणि त्यांनी टेबलावरून हात पुढं केला. “द्या इकडे.”

तो हात मला अजून दिसतो. स्वच्छ, नखं कापलेली, मनगटावर घड्याळ. त्या पानावर तो शब्द तीनदा होता आणि समासात माझी ओळ होती. त्यांनी कागद घेतला असता तर त्यांना शोधायलाही लागलं नसतं. मनात प्रार्थना करावी असं वाटलं, पण एकही शब्द सुचेना. सरलाबाई आत्ता घरी पोचल्या असतील, भाजी चिरत असतील, आणि हा माणूस इथून उठून त्याच घरी जाणार आहे, एवढंच डोक्यात फिरत होतं.

“नको,” मी म्हटलं. “मी वाचते.”

आणि मी वाचली. पण पानावरची नाही. आमच्या घरासमोर गिरणी कामगारांची वस्ती होती. पगाराच्या संध्याकाळी तिथं काय काय ऐकू यायचं ते माझ्या आईनं खिडक्या लावूनही थांबलं नव्हतं. कुणाला तो कागद हातात घ्यावासाच वाटू नये म्हणून त्यातली सगळ्यांत मोठी, आईपासून सुरू होऊन भलतीकडे जाणारी, अर्धी मराठी अर्धी दखनी, अशी एक शिवी मी कागदावर नजर ठेवून, न अडखळता, खणखणीत आवाजात वाचली. अडखळले असते तर संशय आला असता. ती शिवी मात्र मी इथंही लिहिणार नाही. एवढं धाडस आयुष्यात एकदाच पुरतं.

खालचं मशीन चालू होतं ते एकदम मोठ्यानं ऐकू यायला लागलं. एका सभासदानं धोतराचा सोगा तोंडावर धरला. पाळकसाहेब म्हणाले, “देवा.”

मी लोंढेसाहेबांकडे पाहिलं. पाहायला नको होतं, पण राहवलं नाही. ते माझ्याकडे बघत होते. हात अजून पुढंच होता. मला वाटलं, ह्यांना कळलं. कागदावर जे आहे ते मी वाचलं नाही हे ह्यांना कळलं.

“दर वेळी हीच?” त्यांनी विचारलं.

“हो. हीच.”

त्यांनी हात मागं घेतला. रुमालानं बोटं पुसली, जणू काही लागलं होतं. “असली माणसं मी यार्डात पुष्कळ बघितली,” ते म्हणाले. “आपल्या मंडळीत देवदयेनं असं बोलणारा कुणी नाही. ईशनिंदा नाही हे खरं. शिव्या सगळ्या काढा. पुस्तक घ्यायला माझी हरकत नाही. बाहेरच्या लोकांना उपयोगी पडेल.”

ठराव झाला. सर्व अपशब्द गाळावेत. शिवाय नवऱ्याला पश्चात्ताप होऊन कुटुंब एकत्र आलेलं दाखवावं. कारण बायको घर सोडून जाते असा शेवट संस्थेला चालणार नव्हता.

माझं भय मात्र ठरावानं संपलं नाही. आमच्याकडे प्रुफं तपासताना, म्हणजे छापण्याआधीचा कच्चा छाप बघताना, मूळ हस्तलिखित शेजारी ठेवायची पद्धत होती. आणि समितीतर्फे प्रुफं बघायचे कोण? लोंढेसाहेब. मी खाली जाऊन मल्लप्पाकडून छपाईची शाई मागून घेतली, पेनाची शाई नव्हे, मशीनची, दाट. आगकाडीनं एकेक शिवी आणि समासातली माझी ओळ काळी केली. मल्लप्पा शेजारी उभा राहून बघत होता. “झाकलं त्ये बेस केलं, बाई. लई घाण व्हती का?” मी म्हटलं, “लई.”

प्रुफांच्या वेळी लोंढेसाहेब खिडकीशी बसले. एका पानाशी थांबले. ते पान त्यांनी उचललं आणि उजेडासमोर धरलं. मी समोरच्या टेबलावर कॅलेंडरच्या गुरुवारांवर बरोबरच्या खुणा करत सुटले होते, कारण काहीच सुचत नव्हतं. त्यांनी पान उलटं करून मागूनही पाहिलं.

“एवढं काळं का केलंय?”

“ठराव होता, साहेब. सर्व अपशब्द गाळावेत.”

“गाळा म्हटलं होतं. हे पुरल्यासारखं केलंय.” आणि ते हसले. मला वाटतं मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं. त्यांनी पान खाली ठेवलं.

त्या शिवीचे परिणाम मला भोगावे लागले, ते सांगते. आढावबाई कसं सहज बोलल्या, हे रविवारच्या आत मंडळीभर झालं. माझा संडे स्कूलचा वर्ग काढून घेतला. भालेराव त्यानंतर माझ्याशी बोलताना जरा लांब उभे राहायचे. आईला शेजारणीकडून कळलं. ती एवढंच म्हणाली, “कुठं शिकलीस?” मी खिडकीकडे बोट दाखवलं.

पश्चात्तापाच्या प्रकरणासाठी मी नर्सबाईंमार्फत लेखिकेला निरोप धाडला. उत्तर आलं: तुम्हीच लिहा. पश्चात्ताप झालेला माणूस कसा दिसतो हे मी पाहिलेलं नाही. मग मीच लिहिलं. विणकर गुडघे टेकतो, बायको त्याचे डोळे पुसते, वगैरे. दोन दिवसांत उरकलं. त्यातली एकही ओळ मला खरी वाटत नव्हती, पण समितीला ती सगळ्यांत आवडली.

पुस्तक निघालं, बऱ्यापैकी खपलं. काही महिन्यांनी सरलाबाई पुन्हा आल्या, या वेळी खरोखरच धड्यांच्या पुस्तिकांसाठी. भालेराव समोरच बसले होते, म्हणून मी सरलाबाईंना पुस्तिका काढायच्या निमित्तानं गोदामात नेलं.

“बऱ्या आहात ना?” मी विचारलं.

“आहे की. तुमच्यामुळे आहे. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी सांगितलं, आढावबाईंनी काय वाचलं ते. मी मोरीत जाऊन उभी राहिले.”

“आणि पुस्तक बघितलंत?”

“बघितलं म्हणजे! ते रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर एक प्रकरण वाचतात. मोठ्यानं. मला समोर बसवून.” त्या गठ्ठ्यावरची धूळ पदरानं झटकत होत्या. “शिव्या नाहीत ना आता त्यात. त्यांच्या आवाजात तो विणकर चांगलाच वाटतो, बाई. जरा तापट, एवढंच. मलाच वाटायला लागतं, ती बाई उगाच रडते.”

“शेवटचं प्रकरण दोनदा वाचलं. रडले.”

“रडले? लोंढेसाहेब?”

“रडले की. मग डोळे पुसून म्हणाले, बघ, असा नवरा मिळायला नशीब लागतं.”

“तुम्ही काय म्हणालात?”

“मी पानं वाढायला उठले.”

त्या पुस्तिका घेऊन जिना उतरल्या. मी त्यांच्या हाताकडे पाहिलं नाही, पाहायची छाती झाली नाही. पुढं लोंढेसाहेबांनी त्या कादंबरीच्या बऱ्याच प्रती विकत घेऊन लग्नांत भेट म्हणून वाटल्या. नंतरच्या नोकरीत मी पुष्कळ पुस्तकं नियमात बसवली. नियमात बसवलेलं पुस्तक सगळ्यांना आवडतं, हे मी अनुभवानं सांगते. ज्याच्यावर ते लिहिलेलं असतं, त्याला जरा जास्तच.